दोन डॉक्टर, दोन उत्तरे: पाळी गेल्यानंतरचा हार्मोन उपचार

(या महिन्याच्या ‘वाचकांचे प्रश्न’ सदरात एकाच विषयावरची चार पत्रे घेतली आहेत. उत्तरे देणाऱ्या लेखिका नागपुरात औषधशास्त्राच्या अध्यापक होत्या. त्या रुग्ण तपासत नाहीत, त्यामुळे येथील मजकुराला औषधाची चिठ्ठी समजू नये.)

प्रश्न : माझे वय 49 आहे आणि मी नागपुरातील एका शाळेत शिकवते. पाळी जाऊन चौदा महिने झाले. रात्री पाच-सहा वेळा अंगातून वाफा निघतात, कपडे घामाने भिजतात आणि सकाळी पहिल्या तासाला फळ्यासमोर उभी राहिले की साधे शब्दही आठवत नाहीत. सासूबाईंना सांगितले तर त्या म्हणतात, “नागपुरात कोणाला गरम होत नाही?” पण पौषातल्या थंडीतही मी पंखा लावते आणि यजमान शेजारी दोन रजया पांघरून झोपतात. धंतोलीतील एका ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञांनी बजावले की हार्मोनच्या गोळ्या मुळीच घेऊ नका, त्यांनी स्तनाचा कॅन्सर होतो. मैत्रिणीच्या आग्रहावरून दुसऱ्या, तरुण डॉक्टरांकडे गेले तर त्या म्हणाल्या की ती भीती आता जुनी झाली, निर्धास्त घ्या. माझ्या मावशीला सत्तराव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोन्ही डॉक्टरांनी आपापले शिक्षण कोणत्या साली पूर्ण केले असेल याचा अंदाज बांधला, तर त्यांच्या उत्तरांतील अर्धे अंतर तेथेच उलगडते. या उपचाराविषयीचे वैद्यकाचे मत गेल्या साठ वर्षांत तीन-चार वेळा फिरले आहे, आणि प्रत्येक वेळी ते इतक्या ठामपणे सांगितले गेले की ज्याने जे ऐकले ते त्याच्या मनात कायमचे बसले.

घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या, म्हणजे पाळी गेल्यावर शरीरात घटणाऱ्या हार्मोनच्या, गोळ्यांना अमेरिकेत 1942 मध्ये परवानगी मिळाली. 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एक लोकप्रिय पुस्तक लिहून पाळी जाणे हा कमतरतेचा आजार ठरवला आणि गोळी हा त्यावरचा इलाज सांगितला. आपल्याकडच्या आज्या पाळी गेली की “सुटले एकदाची” म्हणत, कारण चार दिवस बाजूला बसणे, कावळा शिवणे हे सारे त्याबरोबर संपत असे. एकाच शारीरिक घटनेला एका समाजाने सुटका म्हणावे आणि दुसऱ्याने उणीव, यात विज्ञानाचा भाग फार थोडा आहे; पण ‘उणीव’ हा शब्द डॉक्टरच्या तोंडून आला की तो निदान होतो आणि निदान झाले की औषध आलेच. मात्र त्या ‘सुटले’मध्येही रात्रीचा घाम कोणी मोजलेला नव्हता, हेही ध्यानात असू द्या.

1975 मध्ये असे आढळले की केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कित्येक पटींनी वाढतो. त्यावर तोडगा म्हणून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टोजेन, म्हणजे त्या अस्तराची वाढ आवरणारे दुसरे हार्मोन, द्यावे असे ठरले आणि तो नियम आजही पाळला जातो. पुढे अमेरिकेतील परिचारिकांवरच्या मोठ्या निरीक्षणात गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असे दिसले. मग पन्नाशी ओलांडलेल्या, काहीही त्रास नसलेल्या स्त्रियांनाही हृदयाच्या रक्षणासाठी गोळ्या लिहून दिल्या जाऊ लागल्या. गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक शिकलेल्या, सुस्थितीतील आणि स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष देणाऱ्या असतात, हा साधा मुद्दा त्या उत्साहात मागे पडला.

तो तपासण्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी मोठी चाचणी हवी होती. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने ती केली. तिच्या संयुक्त हार्मोनच्या (ही दोन्ही एकत्र देण्याच्या) भागात गर्भाशय असलेल्या 16,608 स्त्रिया होत्या. साडेआठ वर्षांसाठी आखलेला हा भाग जुलै 2002 मध्ये सरासरी 5.2 वर्षांनंतरच थांबवला गेला, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत एक वाक्य छापून आले: हार्मोनमुळे स्तनाचा कॅन्सर 26 टक्क्यांनी वाढतो. तुमच्या ज्येष्ठ डॉक्टरांच्या मनात हेच वाक्य आहे आणि ते खोटे नाही. फक्त ‘26 टक्के’ हे कशाचे, हे त्यात आलेले नाही.

आपल्या रेशीमबागेतील सुरेश भट सभागृह डोळ्यांसमोर आणा. त्यात सुमारे दोन हजार माणसे बसतात. अशी पाच सभागृहे त्या चाचणीतल्यासारख्या स्त्रियांनी भरली, म्हणजे दहा हजार झाल्या. त्यांनी गोळी न घेता एक वर्ष काढले तर त्यांच्यापैकी 30 जणींना स्तनाचा कॅन्सर झाल्याचे आढळते. सगळ्यांनी गोळी घेतली तर 38 जणींना. पाच सभागृहांत मिळून आठ जणी अधिक. पक्षाघाताच्याही आठ अधिक, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याच्या आठ अधिक, हृदयविकाराच्या सात अधिक. त्याच वेळी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या सहा कमी आणि खुब्याचे हाड मोडण्याच्या पाच कमी. वर्गात तुम्ही शेकडेवारी शिकवत असाल, तर पाया न सांगता दिलेली शेकडेवारी किती फसवी असते हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. आठ जणी म्हणजे काहीच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. त्या आठांतल्या प्रत्येकीला तो आकडा शंभर टक्केच असतो.

दुसरी गोष्ट वयाची. त्या स्त्रिया 50 ते 79 वर्षांच्या होत्या आणि त्यांचे सरासरी वय 63 होते. अनेकींची पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे झाली होती. चाचणीचा प्रश्नच मुळी असा होता की या गोळ्यांनी म्हातारपणचे जुनाट आजार टळतात का. अंगातून निघणाऱ्या वाफांनी झोप उडालेल्या 49 वर्षांच्या शिक्षिकेने गोळी घ्यावी का, हा प्रश्न चाचणीने विचारलेलाच नव्हता; उत्तर मात्र आपल्यासाठीच आहे असे समजून हजारो स्त्रियांनी गोळ्या एका रात्रीत बंद केल्या. पुढे वयोगट वेगळे काढून पाहिले, तेव्हा साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्यांचे चित्र पुष्कळच बरे दिसले. 2017 मध्ये 18 वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, आणि त्यात गोळी घेतलेल्या व न घेतलेल्या गटांच्या एकूण मृत्युदरात फरक आढळला नाही. भारतात पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी, त्यामुळे हा वयाचा हिशेब आपल्याकडे विशेष जपून करावा लागतो.

येथवर वाचून तरुण डॉक्टरांचे ‘निर्धास्त घ्या’ तुम्हाला पटू लागले असेल, तर थोडे थांबा. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. पाश्चात्त्य देशांतील स्त्रीने पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे रोज संयुक्त हार्मोन घेतले, तर पुढच्या वीस वर्षांत स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या स्त्रिया शंभरात सुमारे सहाऐवजी आठ होतात. वाढीव धोका औषध बंद केल्यावर एकदम संपत नाही, काही वर्षे रेंगाळतो. म्हणजे तोच धोका वर्षाच्या मापाने मोजला तर हजारात एकाहून कमी आणि वीस वर्षांच्या मापाने मोजला तर पन्नासात एक. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. बाईला कोणता सांगायचा हे सांगणारा ठरवतो आणि तिचा निर्णय बहुधा तेथेच होऊन जातो. गोळीबद्दलच्या बहुतेक वादांचे मूळ मला येथे दिसते. भारतीय स्त्रियांमध्ये या कॅन्सरचे मूळ प्रमाण पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा कमी आहे, त्यामुळे वरचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

आता तुमच्याविषयी. मावशीला, तेही सत्तराव्या वर्षी, झालेला कॅन्सर एवढ्यावरून हा उपचार तुम्हाला बंद होत नाही. पण आई, बहीण किंवा आणखी एखाद्या नातलग स्त्रीला, विशेषतः पन्नाशीच्या आत, स्तनाचा किंवा बीजकोशाचा (अंडाशयाचा) कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला असणे, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा चालू आजार, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाणे आणि त्याचे कारण न सापडणे, यांपैकी काही असेल तर गोष्ट निराळी. तसे काही नसेल तर आणखी एक प्रश्न विचारा: गोळी की त्वचेवर लावायचे जेल? तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि तेथे रक्त गोठवणारी प्रथिने वाढवते. त्वचेतून घेतलेले थेट रक्तात जाते, आणि निरीक्षणात्मक अभ्यासांत त्याने गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसत नाही. 2002 च्या चाचणीत घोडीच्या मूत्रातले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचे प्रोजेस्टोजेन होते. आज तुम्हाला लिहून दिले जाणारे औषध तेच असेल असे नाही. चिठ्ठीवरील नाव घेऊन ‘यात नेमके काय आहे?’ असे विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही.

सासूबाईंना एवढे सांगता येईल की हा त्रास नागपूरच्या उन्हाचा नाही. मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्राजवळच्या काही चेतापेशी इस्ट्रोजेन घटले की बेताल होतात, आणि अंशभर फरकालाही शरीर मे महिन्याची दुपार समजून घाम सोडते. “दोन वर्षांत आपोआप जाईल” हेही नेहमी खरे ठरत नाही: 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांचा त्रास सर्वसाधारणपणे सात वर्षांहून अधिक टिकलेला आढळला. हार्मोनने वाफा खोट्या (औषध नसलेल्या) गोळीच्या तुलनेत सुमारे तीन चतुर्थांशाने कमी होतात, आणि त्यांच्यावरचा इतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. गंमत अशी की चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांच्याही वाफा निम्म्याहून खाली आल्या होत्या. म्हणून शेजारणीला कशाने बरे वाटले यावर फार भिस्त ठेवू नका. हार्मोन नकोच असेल तर नैराश्यावरील काही औषधांची छोटी मात्रा उपयोगी पडते; त्यासाठी नैराश्य असावेच लागते असे नाही.

कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले होते. दोघांपैकी जे डॉक्टर तुमचा रक्तदाब पाहतील, स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी करवतील, तुमची झोप किती मोडते हे विचारतील आणि “तीन महिन्यांनी पुन्हा या, तेव्हा ठरवू” असे म्हणतील, त्यांचे ऐका. हा उपचार सुरू केला म्हणजे जन्मभराचा झाला असे नसते. तो दरवर्षी नव्याने ठरवायचा असतो, आणि बंद करण्याचा अधिकारही तुमचाच असतो.

प्रश्न : मी 44 वर्षांची आहे, महाल भागात राहते. चार वर्षांपूर्वी अंगावरून फार जात होते म्हणून शहरातील एका खाजगी रुग्णालयात पिशवी काढली. त्यानंतर दोनच महिन्यांत अंगाची आग, चिडचिड, सांधेदुखी सुरू झाली. कॅल्शियमच्या गोळ्यांशिवाय कोणी काही दिले नाही. “मुले झाली आहेत, आता पिशवीचे काय काम,” असे तेव्हा सांगितले होते. मलाही हार्मोनने कॅन्सर होईल का?

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘पिशवी’ हा एक शब्द फार काही झाकून ठेवतो. पिशवी म्हटली की ती रिकामी झाल्यावर फेकून देण्याची वस्तू वाटते. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे 2019 मध्ये गाजले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेथेही स्त्रियांना हेच समजावले गेले होते की तिचे काम संपले आहे. पण त्या शस्त्रक्रियेत पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले की ठेवले, हे बहुतेकींना ठाऊक नसते. दोन महिन्यांत अंगाची आग सुरू झाली यावरून ते काढले असावेत असा संशय येतो. रुग्णालयातून त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या अवयवांच्या तपासणीचा अहवाल मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

बीजकोश खरोखरच काढले असतील, तर वयाच्या चाळिशीत तुमच्या शरीराने अनेक वर्षांचे इस्ट्रोजेन एका दिवसात गमावले. नैसर्गिकपणे पाळी जाताना जे हळूहळू उतरत जाते, ते येथे कड्यावरून कोसळते. अशा स्त्रियांमध्ये हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढलेला दिसतो. म्हणून दुसरी काही अडचण नसेल तर पाळी एरवी गेली असती त्या वयापर्यंत तरी हार्मोन द्यावे, असे बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. तुम्ही काही जादा घेत नसता. तुमच्या वयाच्या इतर स्त्रियांजवळ जे आहे, साधारण तेच घेत असता. पहिल्या पत्राच्या उत्तरातील आकडे म्हणूनच तुम्हाला लावू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक फरक आहे. गर्भाशय नसल्यामुळे सहसा प्रोजेस्टोजेनची गरज पडत नाही, एकटे इस्ट्रोजेन पुरते. त्याच अमेरिकन संशोधनाच्या दुसऱ्या भागात, गर्भाशय काढलेल्या 10,739 स्त्रियांवर, एकटे इस्ट्रोजेन तपासले गेले. तेथे स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, उलट काहीसा कमीच आढळला: दहा हजारांत वर्षाला 33 ऐवजी 26. पक्षाघात मात्र 32 वरून 44 वर गेले आणि हा भागही 2004 मध्ये थांबवला गेला. त्या स्त्रिया तुमच्याहून पुष्कळ वयस्क होत्या. 2002 च्या बातमीला जितकी जागा मिळाली तितकी या बातमीला मिळाली नाही, आणि गर्भाशय काढलेल्या कितीतरी स्त्रिया त्यांना लागू नसलेल्या भीतीपायी त्रास सोसत राहिल्या. एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारासाठी) शस्त्रक्रिया झाली असेल तर ते आधी सांगा, कारण तेव्हा औषधाची निवड बदलू शकते. खाजगीत खर्च झेपत नसेल तर नागपुरातील ‘मेडिकल’, ‘मेयो’ किंवा डागा या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग विभागात कागदपत्रे घेऊन जा. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दलही विचारा. एकट्या कॅल्शियमने ती उणीव भरून निघत नाही.

प्रश्न : माझी आई 66 वर्षांची आहे. अमेरिकेने हार्मोनवरचा धोक्याचा इशारा काढला, असे भाऊ तेथून फोनवर सांगतो. हृदय आणि स्मरणशक्ती चांगली राहावी म्हणून आईला आता सुरू करावे का?

उत्तर : त्यासाठी नको. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या औषधांवरील चौकटीतला इशारा, म्हणजे हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचा ठळक मजकूर, काढण्याचे जाहीर केले हे खरे आहे. गर्भाशयाच्या कॅन्सरविषयीचा भाग एकट्या इस्ट्रोजेनवर कायम आहे. पण वेष्टनावरची चौकट गेल्याने 66 वर्षांच्या धमन्या तरुण होत नाहीत. पहिल्या उत्तरात आलेल्या अमेरिकन संशोधनात 65 वर्षांवरील ज्या स्त्रियांनी संयुक्त हार्मोन घेतले, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले होते. पाळी जाऊन इतकी वर्षे झाल्यावर हृदयासाठी म्हणून नव्याने सुरुवात करू नये, याबद्दल आजही फारसे दुमत नाही. एरवी आईला योनीचा कोरडेपणा, जळजळ किंवा वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल, तर तेथेच लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम या वयातही वापरता येते, कारण ते रक्तात नगण्य प्रमाणात उतरते. या तक्रारी आया मुलांना सांगत नाहीत, तेव्हा तुम्हीच विचारा.

प्रश्न : पत्नीला वर्षभरापासून हाच त्रास आहे. उमरेडकडे आमच्या शेतात सोयाबीन पिकते. ते रोज खायला दिले आणि जोडीला शतावरी दिली तर हार्मोनची गरज उरणार नाही ना? एका विक्रेत्याने महिनाभराचा कोर्सही सुचवला आहे.

उत्तर : सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी थोडेफार साम्य असलेली द्रव्ये असतात. त्यांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जो परिणाम दिसला तो लहान आहे. शतावरीचा पुरावा त्याहूनही तोकडा आहे. अन्न म्हणून सोयाबीन अवश्य द्या, भिजवून आणि पूर्ण शिजवून, कारण कच्चे पचत नाही. विक्रेत्याचा कोर्स घेऊ नका. त्याआधी एकदा पत्नीलाच विचारा की तिला नेमका कोणता त्रास अधिक होतो आणि तिला काय हवे आहे. तुमच्या दोन पानी पत्रात एकरी उतारा आला आहे, बियाण्याचा वाण आला आहे, पण तिचे स्वतःचे असे एकही वाक्य मला सापडले नाही.